टाकी भरल्यावरही वाहणारे सांडपाणी : आरओ यंत्राच्या दुरुस्तीचा माझा अनुभव

आमच्या आरओ यंत्राची टाकी पूर्ण भरल्यानंतरही सांडपाण्याच्या नळीतून बारीक धार वाहत असल्याचे मला रात्रीच्या शांततेत ऐकू आले. प्रथम संशय मेम्ब्रेनवर, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पातळ पडद्यावर, गेला. परंतु पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने पाहिल्यावर येणारे पाणी ४१० आणि गाळलेले ३० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) भरले, म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक क्षार अडवले जात होते आणि मेम्ब्रेन बदलण्याचे कारण नव्हते.

मग टाकी भरलेली ठेवून मी येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद केला, तरीही धार थांबली नाही. याचा अर्थ टाकीतले शुद्ध पाणीच उलटे मेम्ब्रेनकडे परतून वाया जात होते आणि दोष चेक व्हॉल्व्हचा, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेचा, होता. ती झडप ज्यात असते तो एल्बो (नळीचा काटकोनी जोड) उघडला, तेव्हा आतल्या इवल्याशा रबराला चीर पडलेली दिसली. नवा एल्बो बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि तो हातानेच आवळला, कारण पान्याच्या जोराने प्लास्टिकचे आटे सहज तडकतात.

यंत्र उघडलेच होते, म्हणून कार्बन फिल्टरही बदलला. पाण्यातले क्लोरीन तो अडवतो; तो थकला की ते थेट मेम्ब्रेनपर्यंत पोहोचून तिचा पातळ थर कायमचा खराब करते, त्यामुळे येथे काटकसर करणे मला अजिबात पटत नाही. शेवटी टाकी पूर्ण रिकामी करून, पाणी नळाकडे ढकलणाऱ्या तिच्यातल्या हवेचा दाब पाहिला. तो ४ पीएसआय (दाबाचे एकक) होता. सायकलच्या पंपाने ७ केला आणि नळाची मंदावलेली धारही पूर्ववत झाली.