बोअर घेताय? केसिंगमध्ये काटकसर आणि इतर चुका टाळा

उन्हाळा तापला की बोअरच्या गाड्या रानात शिरतात आणि दरवर्षीच्याच चुका पुन्हा सुरू होतात. "अजून पन्नास फूट घ्या" म्हणताना कुणाचा हात आखडत नाही. वरच्या चाळीस-साठ फुटांतल्या केसिंगला, म्हणजे भिंत ढासळू नये म्हणून बोअरमध्ये बसवायच्या पाईपला, मात्र सगळे कात्री लावतात. माझ्या पाहण्यात बिघडलेले बहुतेक बोअर वरूनच बिघडले.

राज्याच्या सुमारे ८० टक्के भागात खाली काळा पाषाण आहे. त्याच्यावर माती, मग मुरूम, मग कुजका खडक, मग कठीण पाषाण. केसिंग कठीण पाषाणात काही फूट घट्ट बसलं पाहिजे. मुरूम संपला म्हणजे पाषाण लागला असं नसतं. मधला कुजका खडक कोरडा असताना टणक वाटतो आणि पावसाळ्यात सुटतो.

सिन्नरकडच्या एका मळ्यात हे डोळ्यांनी पाहिलं. भरपूर पाणी लागलं, पेढे वाटले. ठेकेदार म्हणाला, "दादा, खडक चांगलाय, दोन पाईप बास." मालकाने मान डोलावली, तेवढेच पैसे वाचले. मृगाचे दोन पाऊस झाले आणि पाणी गढूळ यायला लागलं. सगळे म्हणाले, नवा बोअर आहे, निवळेल. पोळ्याच्या आसपास मोटर बंद पडली. तिपाई उभी करून चेनकुप्पीने ओढायला घेतली तर पाईप जागचा हलेना, कारण वरून सुटलेला खडक मोटरवर बसला होता. जोर लावला आणि पाईप तुटला. मोटर, केबल, निम्मे पाईप खालीच राहिले. वाचले होते तीन केसिंग पाईपचे पैसे, गेला अख्खा बोअर. त्या घरच्या माउलीने पुढचा उन्हाळा टँकरच्या पाण्यावर काढला. म्हणून कुणी "बास" म्हटलं की मला राग येतो.

मी गाडीपाशी सावलीत खुर्ची टाकून बसत नाही. दर दहा फुटांची भुकटी ओळीने मांडतो, रंग वहीत लिहितो. केसिंगचे पाईप उतरण्याआधी स्वतः टेपने मोजतो, बिल फुटावर असतं. खाली लाल गेरूचा थर लागला तर तिथेही भिंत ढासळते. मग आत लहान व्यासाचा पीव्हीसी पाईप, पाण्याच्या थरासमोर चिरा पाडलेला, आणि त्यात मावणारी चार इंची मोटर. केसिंगच्या बाहेरची फट वरून सिमेंटने बुजवा, नाहीतर गोठ्याचं पाणी थेट आत. शोषखड्डा आणि उकिरड्यापासून निदान पन्नास फूट लांब राहा.

दुसरी चूक इंचांची. "दोन इंची पाणी लागलं" हे बहुतेक वेळा नजरेने सांगितलेलं असतं. खरा इंच मोजतात काटकोनी खाच पाडलेल्या पत्र्यावर, खाचेतल्या पाण्याच्या उंचीने. त्या हिशेबाने एक इंच म्हणजे तासाला साधारण पाचशे लिटर, दोन इंच म्हणजे जवळपास तीन हजार, तीन इंच म्हणजे आठ हजारांच्या आसपास. अर्धा इंच इकडेतिकडे झाला की मोटरचा सगळा हिशेब चुकतो. काँप्रेसरने उडणारा पहिला फवारा पाहून पाच एचपी मोटर आणणाऱ्यांना मी हात जोडतो. काही तास सलग उपसा करा, पाणी किती उतरतं ते बघा, दोनशे लिटरचा ड्रम भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजा. मग दुकानात जा. मोटर तळाला टेकवू नका, दहा-पंधरा फूट वर ठेवा. पाणी संपल्यावर मोटर आपोआप बंद करणारं यंत्र बसवा.

दिवाळीत बोअर घेऊन उन्हाळ्याचा अंदाज बांधू नका.

पाणाड्याच्या नारळावर वाद घालत नाही, पण त्याच्याबरोबर भूवैज्ञानिकालाही बोलवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत बोअर घ्यायचा किंवा ६० मीटरपेक्षा खोल जायचं तर कायद्याचे निर्बंध आहेत, ते आधी विचारा. आपल्या पाषाणात पाणी फटींत आणि दोन थरांच्या सांध्यात असतं. सांधे संपल्यावर नुसतं खोल जाण्यात बहुधा पैसेच जातात.

छताचं पाणी गाळणीशिवाय बोअरमध्ये सोडू नका.

आणि कोरडा गेलेला बोअर उघडा ठेवाल तर तुमच्याशी बोलायचीही इच्छा राहत नाही. पोतं टाकून, दगड ठेवून भागत नाही. लेकरं खेळता खेळता दगड सरकवतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय: खोदकामाभोवती कुंपण, केसिंगच्या तोंडाशी सिमेंटचा ओटा, वर पक्कं लोखंडी झाकण, आणि सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरायचा. गाडी रानातून निघण्याआधी हे करून घ्या, शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.