नवा समुद्री मासा खात नसेल तर काय करावे

खाऱ्या पाण्याचा मासा घरी आणल्यावर पहिला दिवस त्याला खाऊ घालायच्या भानगडीत पडू नका. प्रवासाने भेदरलेला मासा एक-दोन दिवस तोंड उघडत नाही. टाकीचा लाइट मंद ठेवा आणि लपायला पीव्हीसी पाइपचे एक-दोन तुकडे टाका.

१. आधी पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारटपणाचे माप) १.०२५ च्या आसपास, तापमान २५-२६ अंश सेल्सिअस. इथे गडबड असेल तर खाणे बदलून काही होणार नाही.

२. जुने मासे अंगावर धावून जातात का ते जरा लांबून पाहा. जात असतील तर नव्याला त्याच टाकीत भोकांच्या पारदर्शक डब्यात ठेवा.

३. आता खाणे. सुरुवात जिवंत ब्राइन श्रिम्पने (खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव) करा, कारण हलणारे भक्ष्य दिसले की बुजरा मासाही झडप घालतो. पण मोठ्या ब्राइन श्रिम्पमध्ये पोषण कमी, म्हणून त्यातच हळूहळू फ्रोझन मायसिस (तसलेच पण जास्त पौष्टिक जीव) मिसळा. पेलेट, म्हणजे कोरड्या खाद्याच्या गोळ्या, अगदी शेवटी. मासा घास तोंडात घेऊन थुंकत असेल तर निराश होऊ नका. त्याला रस आहे, तुकडा बारीक करून पाहा. लसणाचा रस लावायचा सल्ला सर्रास मिळतो, माझा त्यावर फारसा भरवसा नाही.

खरी मेख माशाच्या जातीत असते. टँग माशाला बिनमसाल्याची नोरी (वाळवलेले समुद्री शेवाळ) क्लिपला लावून द्या. कॉपरबँड बटरफ्लायफिशचे तोंड फटीतून किडे टिपायचे, त्याला उघडलेला ताजा शिंपला खडकात खोचून द्या. लायनफिशपुढे काडीला लावलेला कोळंबीचा तुकडा हलवावा लागतो. मँडरिन मासा दिवसभर कोपेपॉड (खडकांवरचे अगदी सूक्ष्म जीव) टिपत फिरतो. मुरलेली, म्हणजे बरेच दिवस चालू असलेली टाकी नसेल तर तो आणूच नये.

४. खाऊ घालताना पंप दहा मिनिटे बंद ठेवा. थोडेच टाका, उरलेले लगेच काढा, नाहीतर ते कुजून पाणी बिघडते.

५. लायनफिश बरेच दिवस उपाशी तग धरतो, अँथियास मासा धरत नाही. पोट खपाटीला गेले, श्वास जोरात चालला किंवा विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसली तर आजाराचा संशय घ्या. माशांच्या जाणकार पशुवैद्याला विचारल्याशिवाय औषध टाकू नका.

पुढच्या वेळी मासा खातो की नाही ते दुकानदाराला समोर खाणे टाकून दाखवायला सांगा. काही बटरफ्लायफिश फक्त जिवंत प्रवाळ खातात; ते दुकानातच राहू द्या.