छपरावर काम करताना गुडघ्यांची काळजी

सपाट जमिनीवर गुडघे टेकणे आणि उतरत्या छपरावर गुडघे टेकणे यांत मोठा फरक आहे. उताराला आडवे बसून काम करताना एक गुडघा खाली आणि दुसरा वर राहतो, भार दोन्ही पायांवर सारखा पडत नाही, आणि त्याच स्थितीत बाजूचे कौल किंवा स्क्रू घेण्यासाठी कंबरेतून वळले की पूर्ण दुमडलेल्या सांध्याला पीळ बसतो. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा हलणारा सांधा असल्यामुळे भाराखालचा हा पीळ त्याला फारसा सोसत नाही, आणि आतील मेनिस्कस नावाच्या चंद्रकोरीच्या आकाराच्या गाद्या फाटण्याचा धोका वाढतो. वाटीच्या पुढे, त्वचेखाली असलेली द्रवाची पातळ पिशवीही रोजच्या दाबाने व घर्षणाने सुजते. वेदना सुरू होईपर्यंत पुष्कळ झीज झालेली असू शकते, म्हणून काळजी दुखण्याच्या आधीच घ्यावी.

नी-पॅड, म्हणजे गुडघ्याला बांधायची संरक्षक गादी, निवडताना सर्वांत आधी त्याची बाहेरची बाजू पाहावी. कडक, गुळगुळीत प्लॅस्टिकची वाटी जमिनीवर टिकाऊ असली तरी पत्र्यावर ती घसरते. छपरासाठी पकड धरणारे, मऊ रबरासारखे आवरण हवे. पट्टे गुडघ्याच्या वर आणि खाली असावेत, मागच्या खोबणीत रुतणारे नसावेत. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, एक नस हाडावरून त्वचेच्या अगदी जवळून जाते; तिथे पट्टा फार आवळला तर पावलाला मुंग्या येतात आणि पाऊल वर उचलणेही अवघड होऊ शकते. उतारावर असे पाऊल म्हणजे थेट पडण्याचा धोका आहे. पँटच्या खिशात बसणारे पॅड घेतले, तर ते उभ्याने नव्हे, गुडघे टेकून तपासावेत, कारण वाकल्यावर कापड सरकते. युरोपात अशा संरक्षकांसाठी ईएन 14404 हे मानक आहे. वेष्टनावर त्याचा उल्लेख असेल तर निवड सोपी होते. फोम अंगठ्याने दाबल्यावर पुन्हा फुगत नसेल, तर तो पॅड बदलावा. पॅडमध्ये अडकलेली खडी आणि धातूचा कीस रोज झटकावा.

मात्र सर्वांत चांगला पॅडसुद्धा बसण्याची चुकीची पद्धत झाकू शकत नाही, आणि माझ्या मते खरा फरक इथेच पडतो. साहित्य हाताच्या टप्प्यात ठेवावे, कापणी शक्य तितकी खालीच उरकावी, आणि लांब दांड्याचे स्क्रू यंत्र मिळत असेल तर उभ्याने काम करावे. साधारण 20 मिनिटांनी, दुखो वा न दुखो, स्थिती बदलावी. वळायचे असेल तेव्हा गुडघा टेकलेला ठेवून अंग फिरवू नये. आधी भार काढावा, पाय हलवावा, मग वळावे. बराच वेळ उकिडवे बसल्यावर पाय बधिर झालेला असतो, तेव्हा आधार धरून पाऊल हलवून पाहावे आणि नंतरच उठावे. हार्नेस, म्हणजे पडण्यापासून वाचवणारा अंगावरचा सुरक्षा पट्टा, अर्थातच सुटलेला नसावा. शिडीच्या शेवटच्या पायऱ्यांवरून उडी मारू नये.

मांडीचे पुढचे स्नायू बळकट असले तर सांध्याला आधार मिळतो. पाठीवर झोपून एक गुडघा दुमडावा, दुसरा पाय सरळ ठेवून साधारण 30 सेंटिमीटर उचलावा, 5 सेकंद धरावा आणि सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने 10 वेळा.

सूज आल्यास त्या दिवशी गुडघे टेकणे थांबवावे आणि कापडात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटे लावावा. गुडघा मध्येच अडकत असेल, पूर्ण सरळ होत नसेल किंवा वजन घेत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. सुजेबरोबर लाली, ऊब आणि ताप असेल, विशेषतः वाटीवरची त्वचा खरचटलेली असेल, तर त्या पिशवीत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी उपचार घ्यावेत.