ऊसतोडीच्या तळावर चिमुकल्यांची बालवाडी: या चुका टाळा

दिवाळी झाली की फोन सुरू होतात. "ताई, साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड मजुरांच्या लहान मुलांसाठी काहीतरी सुरू करतोय, सामान काय काय आणू?" फोन करणाऱ्यांची यादी तयारच असते: तक्ते, पाट्या, अक्षरांचे ठोकळे. मुलं किती वर्षांची, तर दीड-दोन!

सगळ्यात जुनाट चूक म्हणजे मुलांना रांगेत बसवणं. हाताची घडी, तोंडावर बोट. पोर गप्प बसलं की कार्यकर्ता खूश, भेटीला आलेले पाहुणेही खूश. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक-दोन वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी आणि एका वेळी तासाभराहून जास्त त्याला जखडून ठेवू नये, असं त्यात सांगितलं आहे. आता तळावरचं पोर बघा. आईबाप अंधारातच उसाच्या फडात गेलेले. हे बहिणीच्या कडेवर, नाहीतर बांधावरच्या झोळीत. आधीच जखडलेल्या पोराला तुम्ही परत सतरंजीवर बसवणार?

एका हंगामात एक उत्साही नवी कार्यकर्ती आली. शिस्त लावायचीच, हे तिने ठरवूनच ठेवलं होतं. दोन वर्षांची एक मुलगी सारखी उठून पाण्याच्या रिकाम्या कॅनकडे पळायची, ही तिला उचलून परत आणायची. पोरीने भोकाड पसरलं, तिचं बघून बाकीच्यांनी. दुपारपर्यंत सतरंजी रिकामी आणि दुसऱ्या दिवशी कोपीतून, म्हणजे मजुरांच्या झोपडीतून, कुणी बाहेर येईना. मग सतरंजी गुंडाळली. धान्याच्या रिकाम्या पोत्यांत उसाचं वाळलेलं पाचट दाबून भरलं, तोंडं सुतळीने शिवली आणि पोती अंगणात टाकून दिली. मुलं चढली, घसरली, लोळली. त्या मुलीने कॅन या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत नेला आणि तिच्या बहिणीने प्रत्येक फेरीला "येक, दोन, तीन" म्हटलं. अंक शिकवायची घाई असलेल्यांनी ऐकून ठेवा.

पोतं खताचं नको. पाचट उघडंही टाकू नका, उसाचं पातं कापतं.

दुसरी चूक वेळेची. बालवाडी दहाला उघडते, कारण कार्यकर्त्याची एसटी साडेनऊला येते. तोवर अर्धी मुलं आईबरोबर फडात पोचलेली असतात. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी म्हणतो ती हीच. त्यांना सुचलं ते आपण एसटीच्या वेळापत्रकावर सोडायचं? मी तळावरच्याच एखाद्या आजीला मानधन देऊन पहाटेपासून बसवते. शिकलेली नसली तरी चालेल, दम खाऊन बसणारी हवी. गाणी तिला आपल्यापेक्षा जास्त येतात.

देणगीतली खेळणी पेटीत कुलूपबंद ठेवू नका. मोडली तर मोडली. प्लॅस्टिकची घसरगुंडी मात्र घेऊच नका. उन्हात इतकी तापते की पोर एकदा बसलं की पुन्हा फिरकत नाही.

खेळाआधी खायला द्या. उपाशी पोर खेळत नाही, नुसतं किरकिरतं.

जागा बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या वाटेपासून लांब हवी. तोडलेल्या फडात तर नकोच, उसाचे खुंट पायात घुसतात.

रडणाऱ्या पोराला मोबाइल दाखवून गप्प करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, मोबाइल काढून घेते.

कडेवर भावंड घेऊन आलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला "तू मोठी, तू शाळेत जा" म्हणून हाकलणारेही भेटतात. ती गेली की धाकटंही गेलं. आधी धाकट्याला रुळू द्या. ते तिच्याशिवाय खेळायला लागलं की तिला स्वतः शाळेत सोडून या, गुरुजींशी बोला. नुसतं "जा" म्हटल्याने कुणी जात नाही.

"नुसतं खेळवता, शिकवत काहीच नाही," हे आया म्हणणारच. भाषण देऊ नका. पट्टा पडेल त्या दिवशी, म्हणजे तोडीला सुट्टी असेल तेव्हा, त्यांनाच पोत्यांपाशी बोलवा आणि पोराला चढताना बघू द्या.

आणि जागेसाठी थेट कारखान्याच्या साहेबाकडे धावू नका. आधी मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाला भेटा. टोळी कुठे उतरणार, हे त्याला तुमच्या आधी ठाऊक असतं.