जिम्नीवर पैसे उधळण्याआधी या चुका टाळा

2023 ला मारुतीची पाच दारवाली जिम्नी आली आणि तेव्हापासून म्हापसा ते मडगाव जिकडे बघावं तिकडे नवे फोर बाय फोरवाले. चांगलंच आहे, पण गाडी शोरूममधून निघते ती थेट ॲक्सेसरीवाल्याकडेच जाते. चिखल अजून बघितलेला नसतो आणि वर लाइटबार, रूफ रॅक, नुसता दिखाऊ स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी) सगळं चढलेलं. तोंडाने सांगून कंटाळलो म्हणून लिहितोय.

मोठ्यात मोठा टायर. कंपनीचा साइज 195/80 आर 15, म्हणजे रुंदी 195 मिमी, बाजूची उंची त्याच्या 80 टक्के, रिम 15 इंची. पोरांना हवा असतो 235/75, आणि तोही मड टेरेन (चिखलासाठीचा मोठ्या खाचांचा), कारण फोटोत भारी दिसतो. हिशोब करा ना जरा, टायरची उंची 40 मिमी वाढते म्हणजे गाडी उचलली जाते फक्त 20 मिमी, आणि त्या बदल्यात पूर्ण स्टीयरिंग फिरवलं की टायर घासणार, मग गाडी उंच करायला लिफ्ट किट, मीटर आधीपेक्षा साडेपाच टक्के कमी दाखवणार, पिकअप मरणार. शिवाय कंपनीची रिम साडेपाच इंची, आणि 235 ला कमीत कमी सहाची लागते. टायरवाला बसवून देतो, त्याचं काय जातंय! आणि मड टेरेन पावसात ओल्या डांबरावर ब्रेक नीट धरत नाही. आपण 90 टक्के डांबरावरच चालवतो, चोर्ला घाटात जुलैमध्ये वळणावर हे कळलं तर उशीर झालेला असतो. माझ्या मते 215/75 ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीचा) बस्स. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) जुन्या टायरपेक्षा कमी नको आणि बाजूवरचे चार आकडे वाचा, 2224 म्हणजे 2024 चा बाविसावा आठवडा. दुकानात पडून पडून म्हातारा झालेला टायर डिस्काउंटमध्ये मिळतो तो उगाच नाही.

हवा आणि दोरी विसरणं. याचा मला खरा राग आहे. साखळीकडचा एक पोरगा, गाडीवर लाखभर रुपयांचं सामान, भर पावसात वाळपईच्या पुढे एका कुळागराच्या वाटेवर रुतला. एक्सलरेटर दाबून दाबून चारी चाकं आणखी खाली नेली, मग कोणाच्या तरी पिकअपला बोलावून बंपरला नायलॉनची दोरी बांधली आणि हिसका दिला. बंपर अर्धा निघाला, गाडी तिथेच. मला फोन आला, जाऊन बघतो तर टायरात चाळीसची हवा! हवा 18 वर आणली, फावड्याने चाकांसमोरचा लाल चिखल काढला, लो रेंज (फोर व्हीलचा हळू पण ताकदीचा गिअर) टाकून हळूहळू काढली, स्वतःच बाहेर आली, कोणी ओढायची गरजच पडली नाही. आणि परत हवा भरायला त्याच्याकडे कंप्रेसर नाही. लाइटबार मात्र दोन.

तर आधी घ्यायचं ते असं: चांगला कंप्रेसर, प्रेशर गेज, कायनेटिक रोप (ओढताना ताणली जाणारी दोरी), ती अडकवायला दोन शॅकल, फावडं. दोरी फक्त गाडीच्या टो हुकलाच लावायची. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) तर कधीच नाही, तो तुटला तर गोळीसारखा येतो, माणसं मेलीत त्याने. हवा कमी केलेली असताना वेगात पळवायचं नाही, डांबर लागलं की आधी भरायची, किती ते दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

स्टीयरिंग थरथरतंय म्हणून स्टीयरिंगचा डॅम्पर (हादरे शोषणारा दांडा) बदलणं. पुढे सलग ॲक्सल आहे, टायरचं बॅलन्सिंग जरा बिघडलं की साठ-सत्तरला हात हलायला लागतात. आधी हवा, मग बॅलन्सिंग, मग किंगपिन बेअरिंग (ज्यावर पुढचं चाक वळतं ते) बघा. नव्या डॅम्परने दुखणं झाकलं जातं, एवढंच.

फोर व्हील सुकलेल्या डांबरावर. नको. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नाही, सगळं आवळून बसतं आणि मग "लिव्हर निघत नाही" म्हणून फोन. सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, सुटतो.

बुल बार (बंपरपुढचा लोखंडी गार्ड): बेकायदेशीर, शिवाय एअरबॅगच्या वेळेत घोळ. विषय संपला.

सीट कव्हर: बाजूच्या एअरबॅगची जागा मोकळी ठेवलेलंच घ्या.

धुक्यात पांढरा लाइटबार लावला की समोर भिंतच दिसते, पिवळे फॉग लॅम्प बरे.

बीचवर गाडी घालणं गोव्यात गुन्हा आहे, पोलीस गाडी उचलतात, आणि वरून खारं पाणी चेसिस खातं ते वेगळंच. तसंही समुद्राजवळ राहत असाल तर पावसाळ्यानंतर खालून गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून मगच अँटीरस्ट मारून घ्या. ओल्यावर मारलं तर आतून गंजते. आणि मारणाऱ्याच्या शेजारी उभे राहा, पाणी निघायची भोकं तो हमखास बुजवतो.