गोठ्याला राखण हवी, तर पिल्लू कुठलं घ्यावं?

कोल्हापूरकडं राखणीचं कुत्रं म्हटलं की पहिलं नाव निघतं मुधोळचं. देखणं, चपळ, वाद नाही. पण ही जात सशामागं धावणारी. करडू उधळलं की तिचे पाय शिवशिवतात. शेळ्या-कोंबड्या असतील तर मी धनगराच्या कळपातलं पिल्लू बघेन. ते मेंढरांच्या वासातच वाढलेलं असतं. दाट केसांची परदेशी जात आपल्या चैत्र-वैशाखात धापा टाकत सावलीच शोधत बसते.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. आधी आईला बघा: अनोळखी माणसावर भुंकते, पण मालकानं हटकलं की गप्प होते का? पिल्लाजवळ किल्ल्यांचा जुडगा टाका. दचकून मागं सरून पुन्हा हुंगायला येतं, ते घ्या. कोपऱ्यात दबून बसतं, ते राखणीला नको.

घरी आणल्यावर गोठ्याशेजारीच बांधा, म्हशीची लाथ बसणार नाही एवढ्या अंतरावर. वासरामागं पळालं तर पहिल्याच दिवशी दटावा; पोरं हसली की त्याला तो खेळ वाटतो. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, पुढं डॉक्टर सांगतील तशी. आणि शाहूवाडी-गगनबावड्याकडं बिबट्याचा वावर असेल, तर रात्री कुत्र्यालाही बंद गोठ्यातच घ्या. साखळीला बांधलेलं कुत्रं बिबट्याला आयतंच सापडतं.