ऑल्ट-टॅब बडवत बसण्यापेक्षा विंडोंना नंबर लावा

महिनाअखेर आली की माझ्या स्क्रीनवर एक्सेलच्या तीन फाइली, बँक स्टेटमेंटची पीडीएफ, टॅली, क्रोम, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप असं सगळं लटांबर एकावर एक उघडं असतं, आणि कितीतरी वर्षं मीपण खालच्या पट्टीवर माउस नेऊन ‘अरे ती फाइल कुठंय’ करत बसायचो. एक्सेलच्या आयकॉनवर गेलं की तीन बारकी चित्रं येतात, तिन्ही सारखीच, अंदाजपंचे एक दाबायची, ती नेमकी चुकीची, परत खाली. संध्याकाळपर्यंत मनगट बोलायला लागतं.

ऑल्ट-टॅब, म्हणजे ऑल्ट धरून टॅब दाबत विंडो बदलणं, सगळ्यांना माहितीय पण नीट वापरणारे कमी. त्यातली मेख अशी की तुम्ही ज्या विंडो शेवटच्या वापरल्या त्या क्रमाने त्या लागतात, आत्ताची पहिली, तिच्या आधीची दुसरी. म्हणून ऑल्ट धरून टॅब एकदाच टिचकी मारल्यासारखं दाबून सोडलं की आधीच्या विंडोत, परत तेच केलं की होतो तिथं. पीडीएफमधला आकडा बघा, टिचकी, एक्सेलमध्ये टाका, टिचकी, पुढचा आकडा. दोन विंडोंसाठी याहून सोपं काही नाही. जास्त पुढे गेलात तर शिफ्ट धरून मागे येता येतं, आणि ऑल्ट धरून बोट दुखत असेल तर कंट्रोल-ऑल्ट-टॅब दाबा, यादी उघडीच राहते, बाणाने फिरायचं आणि एंटर. पण आठ विंडो झाल्या की हा प्रकार म्हणजे पत्ते पिसत बसणं, क्रम दर वेळी बदलणार मग हाताला सवय लागणार कशी?

इथे विंडोज बटण आणि आकडा कामाला येतो, आणि मला विचाराल तर सगळ्यात उपयोगी चीज हीच. खालच्या पट्टीवर पिन केलेले (म्हणजे कायमचे चिकटवून ठेवलेले) आयकॉन डावीकडनं मोजा, पहिला १, दुसरा २, असं. माझं टॅली १, एक्सेल २, क्रोम ३, मेल ४. विंडोज बटण धरून २ दाबलं की एक्सेल समोर, उघडं नसेल तर उघडतं. एक्सेलच्या तीन फाइली आहेत ना, तर विंडोज बटण न सोडता २ परत परत दाबा, एकेक फाइल पुढे सरकते. विंडोज बटणाबरोबर कंट्रोल पण धरून २ दाबलं तर शेवटची वापरलेली एक्सेल फाइलच येते. फक्त एकदा लावलेला आयकॉनचा क्रम नंतर हलवायचा नाही, आठवड्याभरात बोटं आपोआप जातात.

आता वेगवेगळे डेस्कटॉप, म्हणजे एकाच स्क्रीनवर आलटून पालटून आणता येणारे वेगळे पडदे, प्रत्येकावर आपापल्या विंडो. विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून हे आहे, तरी ऑफिसात निम्म्या लोकांनी पाहिलेलं नसतं. विंडोज-कंट्रोल-डी दाबलं की कोरा डेस्कटॉप, विंडोज-कंट्रोल आणि डावा-उजवा बाण म्हणजे या डेस्कटॉपवरनं त्या डेस्कटॉपवर, आणि विंडोज-कंट्रोल-एफ४ ने तो बंद (घाबरू नका, त्यातल्या विंडो बंद होत नाहीत, शेजारच्या डेस्कटॉपवर जातात). विंडो एकीकडून दुसरीकडे न्यायची तर विंडोज-टॅब दाबून ती माउसने उचलून हव्या त्या डेस्कटॉपवर टाका. यासाठी कीबोर्डचा तयार शॉर्टकट नाहीये, तेवढी खोट आहे.

मला हे शिकावं लागलं एका मीटिंगमुळे. पूर्ण स्क्रीन शेअर केलेली, घाईत ऑल्ट-टॅब मारलं आणि समोर आमचा घरचा ग्रूप, त्यात मावशीने टाकलेला डाएटचा फोटो, पुढची दोन मिनिटं काय बोललो मला आठवत नाही. तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या डेस्कटॉपवर, कारण ऑल्ट-टॅबमध्ये मुळात चालू डेस्कटॉपच्याच विंडो दिसतात. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग मल्टिटास्किंग, तिथे कुणी ते बदललं नाही ना एवढं बघून घ्या. नोटिफिकेशन मात्र कुठल्याही डेस्कटॉपवर टपकतं, ते आधी बंद करा, आणि शक्य असेल तिथे पूर्ण स्क्रीनऐवजी एकच विंडो शेअर करा.

घरच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी फेडोरा (लिनक्सचा एक प्रकार) आहे, त्यात जीनोम, म्हणजे तिथलं स्क्रीनवरचं सगळं सांभाळणारं डेस्कटॉप. खरं सांगायचं तर तिथे हे जास्त छान आहे. सुपर म्हणजे तेच विंडोजचं बटण, ते आणि पेज-अप पेज-डाउन दाबलं की वर्कस्पेस (तिथला वेगळा डेस्कटॉप) बदलते, सोबत शिफ्ट धरलं की हातातली विंडोपण तुमच्याबरोबर येते, माउसला हातच लावायचा नाही. टचपॅडवर तीन बोटं आडवी फिरवली तरी चालतं. एक गोंधळ होतो, तिथे ऑल्ट-टॅब अ‍ॅपनुसार गट करतं, दोन फाइली असल्या तरी एकच आयकॉन, तेव्हा टॅबच्या वरचं बटण ऑल्टबरोबर दाबायचं म्हणजे त्याच अ‍ॅपच्या विंडो फिरतात. मॅकवाल्यांचं पण असंच, फक्त ऑल्टच्या जागी कमांड, आणि डेस्कटॉप बदलायला कंट्रोल आणि बाण. मॅकवर डेस्कटॉपचे क्रम आपोआप बदलत असतील तर मिशन कंट्रोलच्या (सगळ्या विंडो आणि डेस्कटॉप एकत्र दाखवणारी मॅकची सोय) सेटिंगमध्ये अलीकडच्या वापराप्रमाणे क्रम लावायचा टिक असतो, तो काढा, नाहीतर सवय काही लागत नाही.

सुरुवातीला डेस्कटॉप दोनच ठेवा, एक कामाचा, एक बाकी सगळ्याचा. मी हौसेने सहा केले होते, आणि एक दिवस तीच एक्सेल फाइल चौथ्यावर उघडी आहे हे विसरून पहिल्यावर परत उघडायला गेलो आणि नुसती रीड-ओन्ली (वाचता येते, बदलता येत नाही अशी) उघडतेय म्हणून अर्धा तास आयटीवाल्याच्या डोक्यावर बसलो.